अमेरिकन क्लायंट साधं वाक्यपण प्रश्नासारखं का संपवतात? विचारतायत की सांगतायत हे ओळखायचं कसं?

ऐरोली_नाइटशिफ्ट

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथे नुसता वाचतोय, पहिल्यांदाच धागा काढतोय, कारण हा प्रश्न ऑफिसमध्ये कोणाला विचारला की "अरे इंग्लिश सिरीज बघत जा" एवढंच ऐकायला मिळतं.

मी ऐरोलीला आहे, यूएसचा प्रोजेक्ट, संध्याकाळी साडेसहा ते रात्री साडेतीन. आधीचे क्लायंट मॅनेजर ओहायोचे होते. त्यांचं वाक्य संपलं की आवाज खाली बसायचा, कळायचं की झालं बोलून, आता आपण बोलायचं. जूनपासून त्यांच्या जागी एक मॅडम आल्यात, सॅन डिएगोच्या, कामाला एकदम पक्क्या, पहिल्या आठवड्यात त्यांनी आमचे सगळे जुने टिकिट वाचून काढले होते. पण त्यांचं जवळजवळ प्रत्येक वाक्य शेवटी वर जातं. "आय अॅम द न्यू प्रोग्रॅम लीड?" "आय वर्क आउट ऑफ द सॅन डिएगो ऑफिस?" असं. पहिल्या कॉलला आम्ही सगळे एकमेकांकडे बघत होतो की या आपल्याला काय विचारतायत, त्यांचं ऑफिस कुठेय ते आम्ही कसं सांगणार.

आता मुख्य गोष्ट. गेल्या महिन्यात बुधवारी रात्री साडेनऊचा कॉल होता, म्हणजे तिकडे सकाळचे नऊ. आमचं कटओव्हर, म्हणजे जुन्या सिस्टिमवरून नव्या सिस्टिमवर जाणं, शनिवारी ठरलेलं होतं. मॅडम म्हणाल्या, "सो वी आर मूव्हिंग द कटओव्हर टू थर्सडे नाइट?" आणि आवाज वर. मला वाटलं विचारतायत, जमेल का तुम्हाला. मी म्हटलं, लेट मी चेक विथ द टीम अँड गेट बॅक. त्या म्हणाल्या "ओके?" आणि पुढच्या मुद्द्यावर गेल्या. मी एमओएममध्ये, म्हणजे मीटिंगच्या नोंदीत, लिहिलं की टीमशी बोलून कळवतो. त्यांनी ते वाचलं, पण त्यांना वाटलं की कोणकोण हजर राहणार ते मी कळवणार आहे. आणि मला वाटत होतं की तारीख अजून ठरायचीय.

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता मी घरी झोपलेलो आणि फोन. तिकडे गुरुवारची रात्र, साडेआठ, त्यांची सगळी माणसं ब्रिजवर, म्हणजे कटओव्हरच्या कॉन्फरन्स कॉलवर, आणि आमच्याकडून एकपण नाही. रोलबॅक करायला लागलं, म्हणजे सगळं परत जुन्या सिस्टिमवर न्यायला लागलं. नंतर माझ्या मॅनेजरनी पूर्ण टीमसमोर विचारलं की तुला साधं इंग्लिश कळत नाही का.

ते मला फार लागलं. अकरा वर्षं झाली मला या कामात. त्या कॉलचं रेकॉर्डिंग मी ठाण्याहून ऐरोलीच्या गाडीत जाता-येता हेडफोन लावून किती वेळा ऐकलंय ते मलाच माहीत नाही, आणि प्रामाणिकपणे सांगतो, आजपण मला तो प्रश्नच ऐकू येतो.

तर विचारायचं हे की हे असं का बोलतात, सगळे अमेरिकन बोलतात का, त्यांना स्वतःला खात्री नसते म्हणून आवाज वर जातो का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे समोरचा विचारतोय की सांगतोय हे ओळखायची काही युक्ती आहे का. मला खरंच शिकायचंय.

वाशी_व्हीअँडए

दादा, आधी हे सांगते की यात तुमचं इंग्लिश कच्चं वगैरे काही नाही. मी सतरा वर्षं कॉल सेंटरमध्ये व्हॉइस अँड अॅक्सेंट शिकवलंय, आधी वाशीला मग महापेला, आणि तुमच्यासारखा गोंधळ झालेली माणसं प्रत्येक बॅचला दोनतीन तरी असायचीच. शब्द सगळे कळलेले असतात, चुकामूक सुरात होते आणि सूर आपल्याला शाळेत कोणी शिकवलेला नसतो.

या बोलण्याला तिकडे अपटॉक म्हणतात. कॅलिफोर्नियात फार ऐकू येतो, तरुण मंडळींत जास्त, पण आता सगळीकडे पसरलाय, पुरुषपण बोलतात. खात्री नाही म्हणून आवाज वर जातो हे डोक्यातून काढून टाका. तो चढ म्हणजे "लक्षात येतंय ना?" "माझ्याबरोबर आहात ना?" एवढंच. त्या मॅडमना तुमच्याकडून हो किंवा नाही नको होतं, त्यांना फक्त एक "म्हम्" हवं होतं.

ओळखायची युक्ती विचारलीत. माझी एकच आहे आणि ती मी पहिल्या दिवशी फळ्यावर लिहायची: बातमी कोणाकडची आहे? वाक्यात जी माहिती आहे ती बोलणाऱ्याला जास्त ठाऊक आहे की ऐकणाऱ्याला? बोलणाऱ्याला जास्त ठाऊक असेल तर आवाज कितीही वर जाऊ दे, तो सांगतोय. ऐकणाऱ्याला जास्त ठाऊक असेल तर तो विचारतोय. "आय वर्क आउट ऑफ सॅन डिएगो?" ही बातमी त्यांची, त्या सांगतायत. "यू गाइज आर ऑफ ऑन मंडे?" तुमची सुट्टी तुम्हाला ठाऊक, त्या विचारतायत. आता तुमचं वाक्य बघा, कटओव्हर कधी ते ठरवायचा अधिकार कोणाला? क्लायंटला. मग बातमी त्यांची. त्यात "वी आर मूव्हिंग" म्हणाल्या, "कॅन वी मूव्ह" नाही म्हणाल्या.

आणि जिथे बातमी अर्धी त्यांची अर्धी तुमची असेल, कामात असं बऱ्याचदा असतं, तिथे अंदाज लावायचा नाही. त्यांचंच वाक्य त्यांना परत द्यायचं, पण तुमचा आवाज खाली आणून. "थर्सडे नाइट. गॉट इट." पूर्णविराम दिल्यासारखं. तुमचं चुकत असेल तर तिथल्या तिथे त्या म्हणतील, नो नो, आय वॉज आस्किंग. पाच सेकंदांचं काम आहे. "लेट मी चेक" हे आपल्याकडे सगळ्यांच्या तोंडात बसलेलं आहे ना, ते बंद करा, कारण त्यातून तुम्ही काय ऐकलं ते समोरच्याला कळतच नाही.

मॅनेजरनी सगळ्यांसमोर बोलायला नको होतं. ते वाचून वाईट वाटलं.

घणसोलीकर

ताई +१. मी घणसोली गावातला, आगरी. कॉलेजला वाशीला जायला लागलो तेव्हा पहिलं वर्षभर पोरं मला विचारायची की तू चिडलायस का, भांडतोयस का. मी साधं डब्यात काय आणलंय ते सांगत असायचो. आमच्या घरी सगळे त्याच हेलात बोलतात, आम्हाला कधी जाणवलं पण नाही. आणि पुण्याकडची आत्या आली की आम्हाला वाटायचं या एवढं तुटक का बोलतात, रागावल्या का. हेल ज्याचा त्याचा असतो, ऐकणारा आपल्या हेलाचा अर्थ त्याला लावतो.

नौपाडा_भाषा

धागा बघून राहवलं नाही. माझं एमए भाषाविज्ञानात झालंय, आता ठाण्यात शिकवते, आणि सूर हा माझा अगदी जिव्हाळ्याचा विषय आहे, त्यामुळे प्रतिसाद लांबणार, आधीच सांगून ठेवते.

वाशीच्या ताईंनी जी युक्ती सांगितली ती पक्क्या पायावर उभी आहे. विल्यम लबॉव्ह आणि डेव्हिड फॅनशेल यांनी १९७७ मध्ये हाच भेद मांडला होता, बोलणाऱ्याला ठाऊक असलेल्या घटना आणि ऐकणाऱ्याला ठाऊक असलेल्या घटना. ऐकणाऱ्याच्या घटनेबद्दल साधं विधान जरी केलं तरी ते प्रश्नासारखं काम करतं. आपणपण करतोच की, शेजारणीला "काल गावाला गेला होतात" म्हटलं की ती आपोआप उत्तर देते, "का" लावायला लागत नाही.

आता "खात्री नसते म्हणून" हे कुठून आलं. १९७५ मध्ये रॉबिन लेकॉफ या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी बायकांच्या भाषेवर एक पुस्तक लिहिलं, त्यात एक उदाहरण आहे. नवरा विचारतो जेवण कधी तयार होईल, बायको म्हणते, "ओ... अराउंड सिक्स ओक्लॉक?" आवाज वर. लेकॉफ यांचं म्हणणं असं की जेवण कधी होणार ते फक्त तिलाच माहीत आहे, तरी ती जणू परवानगी मागतेय, तुला चालेल ना. तिथपासून चढा सूर म्हणजे डळमळीतपणा आणि तो बायकांचा, हे समीकरण चिकटलं ते चिकटलंच. अपटॉक हा शब्द नंतरचा, १९९३ मध्ये जेम्स गोरमन यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिताना वापरला आणि रूढ झाला. पण सूर त्याच्या आधीपासून होता, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये तर कितीतरी आधी नोंदवलेला आहे. आणि बेलफास्ट, लिव्हरपूल, ग्लासगो, न्यूकॅसल इथली माणसं पिढ्यान् पिढ्या साधी विधानं वर चढवून बोलतात, तिथे ते गावाचं वळण आहे, त्याला कोणी डळमळीत म्हणत नाही. घणसोलीकर म्हणतात तेच.

लेकॉफ यांच्यानंतर लोकांनी प्रत्यक्ष रेकॉर्डिंग घेऊन मोजायला सुरुवात केली आणि चित्र बदललं. सिंथिया मॅकलेमोर यांनी १९९१ मध्ये टेक्सासमधल्या कॉलेजच्या मुलींच्या एका सोरॉरिटीत अभ्यास केला. सोरॉरिटी म्हणजे मुलींचं मंडळ, एकत्र राहणं, मीटिंगा, सीनियर-ज्युनियर सगळं. तिथे बुजऱ्या मुली चढा सूर वापरत असतील असं कोणालाही वाटेल, पण मंडळात ज्यांचा शब्द चालायचा त्या सीनियर मुली तो भरपूर वापरत होत्या, ऐकणाऱ्यांना आपल्या बोलण्यात ओढून घ्यायला.

तुमच्या मॅडम सॅन डिएगोच्या म्हणालात ना, तर नेमका तिथल्याच विद्यापीठात अमांडा रिचर्ट आणि अमालिया अर्व्हानिटी यांनी दक्षिण कॅलिफोर्नियाच्या तरुण मुलामुलींवर काम केलंय, २०१३ मध्ये ते मांडलं. मुलगेपण अपटॉक वापरतात, मुली साधारण दुप्पट. माझं बोलणं संपलं नाही, मध्ये बोलू नका, हे सांगायलापण तो वापरतात. आणि तुमच्या कामाचा भाग पुढे आहे: खऱ्या प्रश्नात आवाज लवकर चढायला लागतो, शेवटच्या जोर दिलेल्या शब्दापासूनच, आणि विधानात चढ उशिरा सुरू होतो, अगदी शेपटाला.

म्हणजे "थर्सडे नाइट"मध्ये "नाइट"च्या सुरुवातीलाच आवाज चढायला लागला तर प्रश्न असायची शक्यता जास्त, आणि "नाइट" आधी खाली बसून मग एकदम शेवटी उचलला गेला तर विधान. कानाला एवढं बारीक लगेच कळत नाही. पण प्राट नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे, अॅम्स्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बुर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी बनवलेलं, त्यात आवाज टाकला की सुराची निळी रेघ दिसते. कंपनीचं रेकॉर्डिंग बाहेर नेऊ नका अर्थात, पण यूट्यूबवरच्या कुठल्याही कॅलिफोर्नियाच्या मुलाखतीवर सराव करता येईल. डोळ्यांनी वीसपंचवीस वेळा रेघ बघितली की कान आपोआप पकडायला लागतो, हे मी विद्यार्थ्यांच्या बाबतीत बघितलंय.

एक घरातलं सांगते. हाच विषय डोक्यात होता म्हणून मागे आईचं बोलणं तिला विचारून रेकॉर्ड केलं. ती सांगत होती, "काल मी गावदेवी मंडईत गेले ना, तर तिथे ना, ती आपली नेहमीची भाजीवाली ना, ती आलीच नव्हती." प्राटमध्ये टाकलं. तीन "ना", तीन टेकड्या. प्रत्येक "ना"वर रेघ वर चढलेली, आणि "नव्हती"वर सरळ खाली उतरलेली. आईला काही विचारायचं नव्हतं, मंडईत ती गेली होती, मी नव्हते गेले. प्रत्येक टेकडीवर ती माझ्याकडे बघत होती आणि मी मान हलवत होते, रेकॉर्डिंगमध्ये माझं "हं" तीन वेळा ऐकू येतं, आणि मी ते दिलंय हे मला तोपर्यंत माहीतपण नव्हतं.

ऐरोलीकर, मॅडमचा चढ म्हणजे तो "ना" आहे. आपल्याकडे त्याला वेगळा शब्द आहे, त्यांनी तो नुसत्या सुरात बसवलाय. आपण मराठी माणसं शब्द शोधतो, सापडला नाही की प्रश्न समजतो.

घोडबंदर_रोड

सगळं वाचलं, माहिती छान आहे पण मी थोडा असहमत आहे. पंचवीस वर्षं सेल्समध्ये काढली, आता निवृत्त. अभ्यास काहीही म्हणो, समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला जर वाटलं की या माणसाला स्वतःच्या किमतीची खात्री नाही तर सौदा गेला. "द प्राइस इज फोर थाउजंड?" असं म्हटलं की समोरचा साडेतीनवर येणारच. माझी मुलगी आता तिकडच्या कंपनीत लागलीय, घरूनच कॉल घेते, आणि महिनाभरात तीपण असंच बोलायला लागली. मी तिला रोज सांगतो की वाक्य खाली आणून संपव, नाहीतर कोणी सीरियसली घेणार नाही. यात माझं काही चुकतंय असं मला वाटत नाही.

नौपाडा_भाषा

काका, किमतीचं तुमचं म्हणणं मला पटतं. भाव सांगताना सूर खालीच हवा, कारण तिथे समोरच्याकडून "हं" नकोच आहे आपल्याला, तिथे दार बंद करायचंय.

पण मुलीच्या बाबतीत जरा थांबा अशी कळकळीची विनंती. हाँगकाँगमधल्या इंग्रजी मीटिंगांच्या रेकॉर्डिंगवर विनी चेंग आणि मार्टिन वॉरन यांनी काम केलंय, तिथे चढा सूर इतरांपेक्षा जास्त वापरणारी व्यक्ती होती मीटिंग चालवणारी. म्हणजे ज्याच्या हातात सूत्रं आहेत तो. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या भाषणातपण असे चढ आहेत, मार्क लिबरमन यांनी सुराच्या रेघा काढून दाखवलं होतं, आणि बुश यांना कोणी कधी म्हटलं नाही की तुम्ही मुलींसारखे डळमळीत बोलता. पुरुष बोलला की कोणाच्या लक्षात येत नाही, तेच बाई बोलली की तिचा आत्मविश्वास मोजायला बसतात. मला याचा फार राग येतो, स्पष्टच सांगते. माझ्या हुशार हुशार विद्यार्थिनींना इंटरव्ह्यूत काय सांगितलं ते बाजूला ठेवून कसं सांगितलं यावर ऐकून घ्यायला लागलंय.

तुमच्या मुलीच्या टीममध्ये सगळे तसं बोलत असतील आणि ती एकटीच प्रत्येक वाक्य खाली आपटत असेल, तर तिकडच्यांना ती तुसडी वाटू शकते. तिने महिन्याभरात त्यांचा सूर उचलला याचा अर्थ तिचा कान चांगला आहे. तिला दोन्ही येऊ देत.

वाशी_व्हीअँडए

"खाली आपटत" वरून आठवलं, ही गोष्ट मी प्रत्येक बॅचला सांगायची. लंडनच्या हीथ्रो एअरपोर्टवर स्टाफच्या कँटीनमध्ये भारतीय आणि पाकिस्तानी बायका नव्याने कामाला लागल्या होत्या. तक्रार अशी की या उर्मट आहेत. जॉन गम्पर्झ म्हणून अभ्यासक होते, त्यांनी त्या बोलण्याची रेकॉर्डिंग घेतली. बोलणं ते किती, एक शब्द. ताटात मटण वाढल्यावर ग्रेव्ही हवी का ते विचारायचं. इंग्रज बाई असती तर म्हणाली असती "ग्रेव्ही?" आवाज वर. आपल्या बायका म्हणायच्या "ग्रेव्ही." आवाज खाली. त्यांच्या मनात ते विचारणंच होतं, आपल्याकडे पंगतीत वाढपी "भात, भात" करत फिरतो तसं. इंग्रजांना ऐकू यायचं, ही ग्रेव्ही आहे, घ्यायची तर घ्या. रेकॉर्डिंग दोन्हीकडच्यांना ऐकवल्यावर त्या बायकांना पहिल्यांदा कळलं की लोक आपल्याशी इतके दिवस असे का वागतात.

माझ्या बॅचमध्ये ही गोष्ट सांगितली की शांतता व्हायची. कारण बऱ्याच जणांचा सीसॅट, म्हणजे कस्टमरच्या समाधानाचा स्कोअर, नेमका याच कारणाने पडलेला असायचा. "मे आय हॅव युवर अकाउंट नंबर." असं खाली आणून म्हणायचे, प्लीज लावूनसुद्धा कस्टमरला तो हुकूम वाटायचा, आणि क्वालिटीवाले शेरा मारायचे की एम्पथी नाही. एम्पथी होती हो, पोरं रात्र रात्र जागून समोरच्याचं ऐकत होती. कमी होता तो एक चढ.

राममारुती_रोड_आजोबा

मी ऑफिसच्या कॉलवाला नाही, वय ७४, पण हा धागा मुलाने पाठवला आणि वाचताना माझ्या घरातलं कोडं सुटलं म्हणून लिहितो.

माझी नात सॅन होजेला असते, वय वर्षे आठ. रविवारी सकाळी आठ वाजता, म्हणजे तिची शनिवारची संध्याकाळ, आमचा व्हिडिओ कॉल असतो. मराठी समजते पण बोलते इंग्रजीत. ती सांगायला लागते, "आबा, वी वेंट टू द बीच?" मी म्हणायचो, हो का, मला नाही माहीत बाळा, गेला होतात का? मग ती गप्प व्हायची. "अँड आय फाउंड अ शेल?" मी पुन्हा तेच, सापडला का? ती आईकडे बघायची, आणि दोनतीन वाक्यांत मोबाईल आजीकडे जायचा. मला वाटू लागलं होतं की हिला माझ्याशी बोलायला आवडत नाही. हे मी घरात कोणाला बोललो नव्हतो.

तुमच्या "हं"वरून मला माझी आजी आठवली. चिपळूणजवळच्या आमच्या गावी रात्री अंगणात घोंगडीवर आम्ही सहासात मुलं आणि आजी गोष्ट सांगायची. तिचा नियम असा की "हूं" म्हणायचं. नाही म्हटलं तर गोष्ट थांबली. "काऊचं घर होतं शेणाचं" म्हणून ती थांबायची, आवाज असा वर टांगून ठेवल्यासारखा. आम्ही सगळे, हूं. "चिऊचं घर होतं मेणाचं" पुन्हा वर टांगलेला. हूं. "एके दिवशी आला मोठ्ठा पाऊस" हूं. कोणाचा "हूं" ऐकू आला नाही तर तिला कळायचं की तो झोपला, आणि त्याच्या अंगावर पांघरूण यायचं. आमच्यापैकी कोणालाही त्या आजीला असं म्हणावंसं वाटलं नाही की घर शेणाचं होतं का ते आम्हाला काय विचारतेस.

गेल्या रविवारी मी ठरवून बसलो. "आबा, आय हॅव अ न्यू टीचर?" हूं. "अँड शी हॅज अ डॉग?" हूं. "अँड द डॉग केम टू स्कूल?" हूं. चाळीस मिनिटं झाली. तिच्या आईने जेवायला हाक मारली तेव्हा ती म्हणाली, वेट, आय अॅम टेलिंग आबा समथिंग. हे वाक्य मात्र खाली उतरलं, अगदी पक्कं.

नौपाड्याच्या ताई, वाशीच्या ताई, तुम्हा दोघींचे मनापासून आभार.

ऐरोली_नाइटशिफ्ट

आजोबा, तुमचा प्रतिसाद मी पहाटे घरी जाताना ड्रॉपच्या गाडीत वाचला आणि बायकोला तिथूनच फॉरवर्ड केला, ती जागीच असते त्या वेळी.

सगळ्यांना अपडेट देतो. वाशीच्या ताईंचं "बातमी कोणाकडची" कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलंय, आता शेजारच्या दोघांनीपण चिकटवलं. नौपाड्याच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे प्राट घरच्या लॅपटॉपवर टाकलं, दोन संध्याकाळी मुलाखती लावून रेघा बघत बसलो, अजून ऐकताना पटकन कळत नाही पण रेघ बघून ओळखता येतं, उशिराचा चढ तर अगदी शेपूट उचलल्यासारखा दिसतो.

या बुधवारच्या कॉलला मॅडम बोलत होत्या आणि मी प्रत्येक चढाला नुसतं "म्हम्" देत गेलो. "वी हॅड अ मीटिंग विथ फायनान्स?" म्हम्. "दे वाँट द रिपोर्ट्स फर्स्ट?" म्हम्. "सो वी आर पुशिंग फेज टू टू सप्टेंबर?" इथे मी थांबलो, बातमी कोणाकडची, त्यांची, म्हणून म्हटलं, "फेज टू इन सप्टेंबर. गॉट इट." आवाज खाली आणून. त्या म्हणाल्या "परफेक्ट" आणि हा शब्द त्यांनी पण खाली उतरवून म्हटला. आधी एक तास चालणारा कॉल पस्तीस मिनिटांत संपला, कारण मध्ये मध्ये मी लेट मी चेक म्हणत नव्हतो.

शेवटी त्या म्हणाल्या, "अँड द टेस्ट डेटा इज रेडी बाय मंडे?" मी "म्हम्" म्हणणारच होतो, तोंडात आलेलं, तेवढ्यात कागदाकडे लक्ष गेलं. टेस्ट डेटा आमच्याकडे बनतो. बातमी माझी. मी म्हटलं, नॉट मंडे, ट्यूसडे इव्हिनिंग युवर टाइम. पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला, आणि त्या म्हणाल्या, ओके, ट्यूसडे.